हिरव्या लोकरीची धूळ

१

कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं की मी आधी धूळ बघतो. बाकीचे दुरुस्तीवाले आधी स्क्रीन लावतात, पंख्यांचा आवाज ऐकतात, गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारतात. गिऱ्हाईक हमखास थापा मारतं. धुळीला थापा मारता येत नाहीत. पात्यांवर चिकट पिवळट थर असला की घरात कोणीतरी खिडकीत उभं राहून सिगारेटी ओढतं. पांढरी पिठूळ धूळ असली की शेजारी बांधकाम चालू आहे. रेडिएटरच्या पापुद्र्यांत आखूड केस अडकले असतील तर घरात मांजर आहे आणि ते कॅबिनेटवरच झोपतं, कारण तिथे ऊब असते. एका कडक वकिलाच्या मशीनमध्ये मला मूठभर चमकी सापडली होती. नंतर त्याला बघून मला हसू आवरत नसे.

दुसरी गोष्ट म्हणजे वारा. माझं सगळं काम वाऱ्याला वाट करून देण्याचं आहे. मशीन तापतं, नळ्यांमधलं पाणी ती उष्णता रेडिएटरपर्यंत आणतं आणि पंखे ती रेडिएटरमधून बाहेर ढकलतात. पंखे कुठे बसवायचे आणि कोणत्या तोंडानं बसवायचे, एवढंच काय ते शास्त्र. पुढून गार हवा आत, मागून आणि वरून गरम हवा बाहेर. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एक नियम सांगतो, की आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जराशी जास्त ठेवायची. मग डबा भरलेला राहतो, फटींमधून हवा बाहेर पडत राहते आणि धुळीला आत शिरता येत नाही. याच्या उलट केलं तर डबा उपाशी राहतो. उपाशी डबा मिळेल त्या भोकातून, मिळेल तिथली हवा ओढतो.

हवा कुठून कुठे जाते ते बघायला टिश्यू पेपरची बोटभर रुंदीची पट्टी पुरते. फटीपाशी धरली आणि आत ओढली गेली तर हवा आत जाते, बाहेरच्या बाजूला फडफडली तर हवा बाहेर येते. अशा पट्ट्या माझ्या खिशात कायम असायच्या आणि धुण्यात त्यांचा लगदा होऊन सगळ्या कपड्यांना चिकटायचा. त्यावरून मी वीसेक वर्षं बायकोची बोलणी खाल्ली.

ती माझ्या कामाच्या खोलीतच विणत बसायची. जगाच्या डब्यांना वारा घालतात आणि घरचा पंखा चार महिने करकरतोय, असं आल्यागेल्याला सांगायची. खरंच होतं ते. मग तिची फुप्फुसं आखडत गेली. डॉक्टरांनी दुखण्याचं लांबलचक नाव सांगितलं, अर्थ एवढाच की छाती भरायची नाही. शेवटचे सात महिने तिची खाट याच खोलीत होती, खिडकीशेजारी, कारण काम करता करता मला तिच्याकडे बघता यायचं. मिनिटाला श्वास किती होतात ते मोजायला डॉक्टरांनी मला शिकवलं होतं. धडधाकट माणसाचे सोळाच्या आसपास. तिचे बावीस होते, मग सव्वीस झाले, मग चौतीस.

सव्वीस वर्षं मी पत्र्याच्या डब्यांना हवा पुरवली आणि माझ्या बायकोला ती पुरली नाही. ही टोचणी मला आहे आणि मी ती कोणापासून लपवत नाही. ती गेली तेव्हा हिरव्या स्वेटरची एक बाही व्हायची होती. माझी बहीण येऊन खाट, औषधं, लोकर, सुया सगळं आवरून घेऊन गेली. असू दे, असं मी म्हणायला हवं होतं. मी दाराशी उभा राहून नुसतं बघितलं.

२

लेकीला घरात सगळे चिमणी म्हणतात. चोवीस वर्षांची घोडी झाली तरी चिमणीच. ती लहान मुलांसाठी हलती चित्रं करते, घरी बसून, दिवसभर. असल्या कामाला दणकट मशीन लागतं, म्हणून मी तिला एक बांधून दिलं. तिची आई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मशीन ठेवायचं कुठे, तर खाटेची जागा तशीच रिकामी होती आणि आम्ही दोघंही तिच्याकडे बघायचं टाळत होतो. तिथे टेबल टाकलं. आता निदान बघायला काहीतरी होतं.

तीन महिन्यांनी चिमणी म्हणाली की मशीन तापतंय. मी म्हटलं, मी बांधलेलं मशीन तापत नसतं. तिनं स्क्रीनवरचा आकडा दाखवला. ऐंशीच्या वर होता.

दुपारी मी कॅबिनेट उघडलं आणि मलाच लाज वाटली. पुढे तीन पंखे, मागे एक, वर रेडिएटरला दोन, असे सहा पंखे. पुढचे तिन्ही आत फुंकायला हवेत. त्यांतला मधला उलटा बसला होता. पंख्याच्या ज्या बाजूला चार काड्या दिसतात त्या बाजूनं हवा बाहेर पडते, हे मी दहा वर्षांच्या पोरालाही शिकवू शकतो, आणि माझ्याच घरच्या मशीनमध्ये त्या काड्या बाहेरच्या बाजूला होत्या. दिव्याखाली अंधार तो हाच. दोन पंखे हवा आत घेत होते, चार बाहेर फेकत होते. डबा तीन महिने उपाशी होता.

मग मी वरचा रेडिएटर सोडवला. त्याच्या खालच्या अंगाला, जिथे आतली हवा येऊन धडकते, तिथे धुळीचा थर बसलेला होता. तसा तो असतोच. पण थर राखाडी नव्हता. हिरवा होता.

मी तो नखानं उचलला. अख्खा पापुद्रा सुटून हातात आला, मऊ आणि हलका. लोकर उसवताना आणि विणताना जे बारीक तंतू उडतात ते सगळे तिथे येऊन दाटले होते. तो रंग मी सात महिने रोज डोळ्यांसमोर पाहिला होता, त्यामुळे त्याच्याविषयी माझ्या मनात शंका नव्हती.

पुढची जाळी मी तपासली. तिच्यावर नेहमीची करडी धूळ होती, एकही हिरवा तंतू नव्हता. म्हणजे ही लोकर पुढून आली नव्हती. डबा उपाशी होता, तेव्हा त्यानं ती मागच्या कुठल्यातरी फटीतून ओढली होती. खाट तिथेच होती, भिंतीच्या कडेला थोडी लोकर राहून गेली असणार. मी टेबल सरकवलं आणि गुडघ्यांवर बसून कोपरे तपासले. फरशी लख्ख होती. बहीण माझी काम करते ते असं करते.

असेल कुठेतरी, असं मी स्वतःला सांगितलं. पंखा सरळ केला, कॅबिनेट बंद केलं. हिरवा पापुद्रा मात्र मी कचऱ्यात टाकला नाही. स्क्रूच्या एका रिकाम्या डबीत ठेवला आणि डबी खणात आत सरकवली.

३

दीड महिना मशीन शहाण्यासारखं वागलं. साठच्या वर आकडा गेला नाही. मी पुन्हा उघडून बघितलं तेव्हा रेडिएटरवर जेमतेम धूळ होती आणि ती आमची होती, करडी. डबा भरलेला होता, फटींतून काही आत येत नव्हतं. कोणत्याही गिऱ्हाइकाला मी हेच दाखवून शाबासकी घेतली असती.

मला रडू आलं. पन्नाशी उलटलेला माणूस, हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि रेडिएटर स्वच्छ आहे म्हणून रडतोय. कोणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. मी डोळे पुसले, पुढचा मधला पंखा सोडवला आणि मुद्दाम उलटा बसवला.

तिसऱ्या दिवशी रेडिएटरवर हिरवी कड आली. आठवड्यानं बोट फिरवून उचलता येईल इतकी झाली. आणि मागच्या पंख्याच्या मधल्या गोल भागाला एक केस गुंडाळलेला सापडला. पंख्यात केस गुंडाळले जाणं रोजचंच आहे, बायकांच्या मशीनमध्ये तर हमखास. चिमट्यानं धरून मी तो हळूहळू उलगडला आणि पांढऱ्या कागदावर सरळ केला.

चिमणीचे केस खांद्याच्याही वर कापलेले आहेत आणि काळेभोर आहेत. बहिणीचे त्याहून आखूड. हा केस लांब होता. एका टोकाला काळा, रंगवलेला, आणि बाकीचा पांढरा. माझी बायको केस रंगवायची. आजारपणात तिनं ते सोडलं आणि मुळाशी पांढरं दिसायला लागलं. शेवटच्या आठवड्यात तिची वेणी घालायला मी शिकलो होतो, त्यामुळे मला माप पाठ होतं. मुळापासून चार बोटं पांढरं.

कागदावरच्या केसाचा पांढरा भाग मी वितीनं मोजला. दीड वीत भरला.

मी पुन्हा मोजला. मग मोजपट्टी आणली. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो, हे न्हाव्यालाही माहीत असतं. तिला जाऊन तेव्हा दोन वर्षं व्हायला आली होती. चार बोटं आणि त्यावर दोन वर्षं, असा हिशेब मी कागदाच्या कडेला मांडला आणि तो चुकला नाही. जुना केस कुठेतरी पडून राहिला असता तर तो चार बोटंच पांढरा असता. हा वाढलेला होता.

४

त्यानंतर मी जे केलं ते पूर्ण शुद्धीत केलं. चिमणीला सांगितलं की मशीनमध्ये काहीतरी तपासायचंय, चार दिवस तुझं काम लॅपटॉपवर स्वयंपाकघरात कर. ती बरं म्हणाली. जाताना तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

मी सहाही पंखे बाहेर तोंड करून बसवले. मग चिकटपट्टी घेतली आणि उरलेली प्रत्येक फट बुजवली. मागच्या पत्र्यातली भोकं, वायरींची जागा, काचेच्या कडा, स्क्रूची रिकामी छिद्रं. पंख्यांखेरीज हवेला कुठूनही वाट ठेवली नाही. अशा डब्यात पंखे नुसते घरघरतात. हवा आतच नाही तर बाहेर काय येणार.

मशीन सुरू केलं. रेडिएटरवर टिश्यूची पट्टी धरली. ती ताठ उभी राहून फडफडायला लागली. मागे धरली, फडफडली. पुढे धरली, तिथेही. सहा पंख्यांचा भरपूर वारा बाहेर येत होता आणि आत कुठूनच जात नव्हता.

माझा एक जुना मित्र मोठ्या इमारतींमध्ये हवेचे पत्र्याचे नळ टाकतो. मी त्याला फोन करून विचारलं, गिऱ्हाइकाचं मशीन आहे असं सांगून. तो पोट धरून हसला. म्हणाला, "बंद डब्यातून वारा येत नसतो. येत असला तर डबा बंद नाही, एवढंच. नीट शोध, भगदाड असेल." मी दोन दिवस शोधलं. भगदाड नव्हतं.

वाऱ्याला वास होता. छातीला चोळायच्या बामचा, आणि त्याखाली ओलसर लोकरीचा. रेडिएटर तापला की तो वास कोमट होऊन वर यायचा. मी स्टूल ओढून कॅबिनेटवर तोंड धरून बसायचो, डोळे मिटून, तासन् तास. जेवायला बोलावलं की मानेला रग लागलेली असायची. मला ती हवी होती. तिच्याशी बोलायचं नव्हतं की काही विचारायचं नव्हतं, नुसती खोलीत असायला हवी होती, खिशातल्या कागदांवरून कटकट करत. त्या वाऱ्यात बसलं की ती नुकतीच उठून बाहेर गेली आहे असं वाटायचं, आणि दोन वर्षांत इतकं जवळ मला काहीच मिळालं नव्हतं.

चिमणीला मी काही सांगितलं नाही. पण एकदा पाणी घेऊन परत आलो तर ती दाराशी उभी होती, खोलीत न शिरता, नाकानं हळूच श्वास घेत. मला बघून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

५

पट्टी मी रेडिएटरच्या कडेला चिकटवून ठेवली होती. तिच्याकडे बघत बसण्याची सवय लागली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं की ती सारखी फडफडत नाही. जोर येतो, ओसरतो, पुन्हा येतो. पंखे एका वेगानं फिरत होते. नळ्यांतलं पाणी फिरवणाऱ्या पंपाचा दोष असेल म्हणून तो काढून तपासला. ठणठणीत होता.

मग मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. सवयीचा गुलाम माणूस. एक मिनिट मोजलं, बावीस भरले.

मला आनंद झाला, हे कबूल करायला हवं. बावीस म्हणजे आजारपणाच्या सुरुवातीचे दिवस, तेव्हा ती बसून विणायची, हसायची. मी पंख्यांचा वेग वाढवला. वास जास्त आला. दोन दिवसांनी मोजले तर सव्वीस. मशीन गरम झालंय, गरम हवा जोरात येते, असं काहीतरी कारण मी काढलं. वेग तसाच ठेवला. आठवडा संपताना चौतीस. पट्टी आता फडफडत नव्हती, थरथरत होती. मधेच एखादा जोराचा झोत, मग काहीच नाही, मग घाईघाईनं तीन-चार छोटे.

एके दिवशी जेवणानंतर मी मोजले ते एकेचाळीस निघाले.

एकेचाळीस मी तिचे कधी मोजलेले नाहीत. चौतीसच्या पुढे गेले त्या दिवशी मी औषध आणायला बाहेर गेलो होतो. चिमणी होती जवळ. आकडा कुठपर्यंत गेला ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पट्टीकडे बघता बघता मला एकदम कळलं. हवा येते म्हणजे कुठून तरी जाते. उपाशी डबा मिळेल तिथली हवा ओढतो, हे मी गावभर शिकवत होतो. पंधरा दिवस मी तिची हवा ओढत होतो. बसून, डोळे मिटून, तोंडावर घेत होतो.

मी मशीन बंद केलं. पात्यांची घरघर थांबली आणि खोली इतकी शांत झाली की मला माझ्याच घशातला आवाज ऐकू आला. पट्टी लोंबत होती. पण मधूनमधून हलत होती.

पंखे उलटे करायचे तर स्क्रू बघायला उजेड लागतो, म्हणून मी बॅटरी घेतली. वरून उजेड टाकला तर रेडिएटरच्या बारीक पापुद्र्यांमधून आरपार दिसतं, खिडकीच्या पडद्याच्या पट्ट्यांतून दिसावं तसं, उभं आणि तुकड्यातुकड्यांनी. खाली मदरबोर्ड दिसायला हवा होता, नळ्या दिसायला हव्या होत्या. हिरवं दिसलं. अगदी जवळ, पापुद्र्यांना टेकलेलं. टाक्यांच्या ओळी ओळखू येत होत्या. त्या ओळी ताणल्या गेल्या, मधली जागा रुंद झाली, मग पुन्हा मिटल्या. पुन्हा ताणल्या, घाईनं.

मी बॅटरी बाजूला केली. अजून जरा वरच्या बाजूला उजेड टाकला असता तर गळा दिसला असता, मग चेहरा. दोन वर्षं मी जे मागत होतो ते चार बोटांवर होतं, आणि मला बघवलं नाही. सहा पंखे, चोवीस स्क्रू. मी सगळे पंखे सोडवले आणि उलटे करून बसवले. सहाही आत फुंकणारे. बसवताना कॅबिनेटच्या आत मी नजर टाकली नाही, बोटांनी चाचपून काम केलं. बोटांना फक्त पत्रा लागला.

६

मशीन सुरू केलं. पट्टी खाली वाकून जाळीला चिकटली. आता खोलीतली हवा आत जात होती आणि डब्यातून बाहेर काहीच येत नव्हतं. वास गेला. मी तिथेच स्टुलावर बसून मोजत राहिलो. पट्टीची ओढ कमी-जास्त होत होती, त्यावरून मोजता येत होतं. संध्याकाळपर्यंत अडतीस. दुसऱ्या दिवशी तीस.

चिमणी तिसऱ्या दिवशी आपल्या जागेवर येऊन बसली. तिनं सहा पंखे बघितले, चिकटपट्टी बघितली, पट्टीकडे बराच वेळ बघितलं. आईच्या आजारपणात ती बाहेरून आली की चप्पल काढायच्या आधी एकच प्रश्न विचारायची. तोच विचारला.

"किती?"

"चोवीस," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि कामाला लागली. आमच्यात यावर एवढंच बोलणं झालं. ते मला पुरलं. सांगितलं असतं तरी तिला मी नवं काही सांगितलं नसतं.

मशीनचा आकडा एकतीसवर आला. इतकं गार मशीन मी आयुष्यात बांधलं नव्हतं. उष्णता कुठे जात होती ते मी विचारात घेतलं नाही. बायकोला थंडी फार वाजायची, तेव्हा बरंच झालं. आता रेडिएटरवर लोकर येणार नव्हती, केस येणार नव्हता, काहीच येणार नव्हतं. तरीही मला बरं वाटत होतं. आपल्या माणसाची छाती भरतेय हे बसल्याजागी बघायला मिळणं ही साधी गोष्ट नाही.

काळजी एकच होती, धुळीची. बाहेर रस्ता खणून ठेवला होता आणि खिडकीतून माती यायची. ती तिच्या छातीत जाणार. मी सहाही पंख्यांना दुहेरी जाळी बसवली. चिमणी रोज फरशी ओल्या फडक्यानं पुसायला लागली. कधी नव्हे ती घरकामात एवढी तत्पर, की एरवी मी चिडवलं असतं. मी खिडकी उघडली की ती येऊन लावायची. मी पुन्हा उघडत नसे.

वीस झाले. अठरा झाले.

खोलीत बसलं की जांभया यायच्या. दुपारी डोकं चढायचं, जिना चढून आल्यासारखी धाप लागायची. दार बाहेर उघडतं, ते ओढायला जोर लागायला लागला, आणि सुटलं की फस्सकन आवाज व्हायचा. चिमणीच्या ओठांना निळसर झाक दिसते असं मला एकदा वाटलं. तिनं विचारल्यावर मी म्हटलं, स्क्रीनचा उजेड पडलाय. धूळ वाचणारा मी, मला ओठ वाचता येत नव्हते असं नाही.

त्या दिवशी सकाळी सोळा भरले. आम्ही दोघांनी आळीपाळीनं मोजले. चिमणी हसली, आणि हसता हसता तिला खोकला आला.

७

दुपारी मी जाळी आणायला गेलो. तासाभराचं काम. परत आलो तर कामाच्या खोलीचं दार उघडेना.

कडी लागलेली नव्हती. मूठ फिरत होती. मी दोन्ही हातांनी ओढलं, एक पाय भिंतीला लावून ओढलं. दार तसूभर हललं आणि परत चौकटीला जाऊन बसलं, जसं आतून कोणी धरून ठेवलं होतं. दाराच्या वरच्या भागाला काच आहे. मी काचेतून बघितलं.

चिमणीनं खिडकीच्या चारही कडांना चिकटपट्टी लावली होती. व्यवस्थित, मी शिकवली तशी, एकही सुरकुती न ठेवता. वरच्या झरोक्यालाही लावली होती. दाराखालच्या फटीत फडकं कोंबलेलं होतं. बाहेर रस्त्यावर खणणाऱ्या यंत्रानं मातीचा लोट उठवला होता आणि तो काचेवर येऊन थांबत होता. आत एक कण जात नव्हता. ती टेबलावर हातांत डोकं ठेवून पडली होती, तोंड मशीनकडे, पाठ माझ्याकडे. पाठ हलत नव्हती.

मी हाका मारल्या. काचेवर मूठ मारली. काच आतल्या बाजूला किंचित फुगली होती, मी मारल्यावर ती नुसती गुंजली. टेबलापलीकडे रेडिएटरच्या कडेची पट्टी दिसत होती. ती जाळीकडे वाकत होती, थांबत होती, सैल होत होती, पुन्हा वाकत होती. लांबलचक, सावकाश. आजारपणाच्या कित्येक वर्षं आधी, रविवारी दुपारी बायको माझ्याकडे पाठ करून झोपायची, तेव्हा असाच श्वास चालायचा.

मेन स्विच पॅसेजमध्ये, दारापासून तीन पावलांवर आहे. मी तिथे गेलो, पेटीचं झाकण उघडलं आणि हात ठेवला. तिथून मान वळवली की काच दिसते, काचेतून पट्टी दिसते. माझी लेक आत पडली होती आणि मी मोजत होतो. किती वेळ, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. चौदा होते. गाढ झोपलेल्या माणसाचे.

मी स्विच खाली ओढला.

पंख्यांची घरघर उतरत उतरत थांबली. मी धावत जाऊन मूठ ओढली, तसं दार सुटून माझ्या अंगावर आलं आणि पॅसेजमधली हवा माझ्या पायांजवळून आत धावली. मी टेबलाशी गेलो, चिमणीला खांद्यांना धरून उचललं, खिडकीची चिकटपट्टी टराटरा ओढली, झडप उघडली. तिचे ओठ निळे होते, यावेळी स्क्रीन बंद होती. मी तिचं डोकं खिडकीबाहेर धरलं, मातीत, आवाजात. बऱ्याच वेळानं तिनं घशातून आवाज करत एक श्वास घेतला, मग खोकत दुसरा. मी तिच्या पाठीवर हात फिरवत होतो. तिला बोलू नको म्हणत होतो.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे न बघता, माझ्या हाताखालून मागे बघितलं. पट्टी सरळ लोंबत होती. तिचं टोक दोनदा जाळीकडे उचललं गेलं, घाईघाईनं. मग तेही थांबलं.

"आत्ता कुठे तिचा डोळा लागला होता, बाबा," ती म्हणाली.